झाडलेली चूल

१

घरात पहिला उठणारा मी. बायको होती तेव्हाही मीच, आणि आता म्हातारपणी तर झोपेचं आणि माझं जमतच नाही. उठायचं, लोकरीचे मोजे चढवायचे, धुराड्याला वळसा घालून उतरणारा तो अरुंद जिना भिंत धरून उतरायचा, लोखंडी शेगडीत लाकडं सारायची, वर कॉफीचं भांडं ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत गोठ्यात जाऊन गाईंपुढे चारा टाकून यायचं. कनेटिकटवर इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं तेव्हापासून पार्मली घराण्यातला कोणी ना कोणी हा जिना असाच उतरत आलाय, शिव्याही बहुतेक त्याच घालत.

घर म्हणजे काय, मधोमध दगडी धुराडं, एखाद्या खोलीएवढं जाडजूड, आणि त्याला तीन अंगांनी तीन चुली. पुढे दोन दालनं, मागे लांबलचक स्वयंपाकघर आणि त्यावरून उत्तरेकडे उतरत उतरत जवळजवळ जमिनीला टेकलेलं छप्पर. उन्हाळ्यात हार्टफर्ड शहरातली मंडळी कॅमेरे घेऊन येतात, ओकच्या तुळयांवरून हात फिरवतात, उसासे टाकतात. त्यांना जानेवारीत एकदा वरच्या मजल्यावर झोपवायला हवं.

स्वयंपाकघरातल्या चुलीत मी वाकून आत उभा राहू शकतो. शेगडी आल्यापासून ती आम्ही फक्त नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला पेटवतो. राख तशीच पडू देतो, कारण वसंतात ती बागेला लागते, आणि पार्मली मंडळी फुकटचं काही टाकून देत नाहीत.

जानेवारीतल्या एका सकाळी कॉफी ओतून घेतली आणि चुलीकडे नजर गेली. पसरलेली राख कोणीतरी मध्ये ओढून तिचा गोल ढीग केला होता. वरून फावड्याच्या पाठीने थोपटलंही होतं. माझी आई विस्तव असाच झाकायची. निजताना निखारे राखेत पुरायचे, सकाळी उकरून फुंकर घालायची. विस्तव विझला तर शेजारी मागायला जावं लागे, आणि जिला असं जावं लागे ती बाई आठवडाभर मान खाली घालून वावरायची.

मी सळईने ढीग उकरला. आत निखारा होता, लालबुंद. थँक्सगिव्हिंग होऊन दोन महिने होत आले होते.

२

माझा संशय सुनेवर गेला. लोइस शहरातली, लग्नाआधी एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायची, आणि आमच्या पडक्या वस्तूंवर तिचा भारी जीव. मोडकी चरवीसुद्धा ती टाकू देत नाही. तिला त्या हिवाळ्यात दिवस गेलेले होते. त्याआधी दोनदा राहिलेलं पोटातच गेलं होतं, तेव्हा हे तिसरं सुखरूप हातात यावं एवढं एकच मागणं घरात सगळ्यांच्या मनात होतं, आणि ओठांवर कोणीच आणत नव्हतं. माझा मुलगा वॉरन गावच्या रस्त्यांवर बर्फ सारायची गाडी चालवतो. बर्फ पडायला लागलं की तो घरी नसायचाच.

ती खाली आल्यावर मी काही बोलायच्या आत तिनेच मला धरलं.

"बाबा, मला बरं वाटावं म्हणून करताय ना हे? चूल वगैरे?"

"मी? मला वाटलं तू केलंस. पुस्तकं तू वाचतेस."

"मला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही. मी राखेत कशाला शिरू?"

ते खरं होतं. तिच्या बुटांच्या नाड्या वॉरन बांधायचा, आणि तो नसला की ती माझे जुने सैल बूट पायात अडकवून फिरायची. आम्ही दोघं हसलो. वॉरनने केलं असणार असं ठरवून विषय संपवला, आणि वॉरनला विचारलं तर तो म्हणाला की तुम्हा दोघांना दिवसभर घरात बसून दुसरा उद्योग नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझी भीती वेगळी होती. जुन्या धुराड्यात एखादी तुळई आतल्या आत धुमसत असते, आणि एके दिवशी सगळं घर पेटतं. म्हणून मी चुलीत डोकं घालून वर पाहिलं, दगड चाचपले. सगळं थंडगार, वरून बर्फाची भुकटी तोंडावर पडत होती. मग बादलीभर पाणी आणून राखेवर ओतलं, तिचा चिखल केला आणि तो चिखल चुलीभर पसरून ठेवला.

सकाळी राख कोरडी होती. ढीग गोल होता. मी उकरून पाहिलं नाही, नुसता हात वर धरला, आणि तेवढं पुरलं.

३

स्वयंपाकघराच्या एका टोकाला, धुराड्याला पाठ लावून, बाळंतखोली आहे. आमच्या भागातल्या सगळ्या जुन्या घरांत असते. घरातली सगळ्यांत उबदार जागा ती, म्हणून बाळंतपणं तिथे, आजारपणं तिथे आणि मरणंही तिथेच. मी तिथल्याच पलंगावर जन्मलो. आई तिथे गेली, आणि माझी बायको, मराया, तीही तिथेच गेली. त्यानंतर मी तिथे कांदे ठेवायला लागलो.

त्या आठवड्यात कांदे आणायला गेलो तर सगळ्यांना हिरवे कोंब फुटले होते. खोलीत मे महिन्यासारखी ऊब. धुराड्याकडची भिंत कोमट होती. पाव काढून घेतल्यावर भट्टी असते तशी.

आता इथे एखादा शहाणा माणूस दार लावून निघून गेला असता. मी मात्र उभा राहून हिशेब केला. वरच्या मजल्यावर पाणी गोठत होतं. डॉक्टरने लोइसला जिना चढायची सक्त मनाई केली होती आणि पुढची दालनं तापवायची म्हणजे निम्मी लाकडं तिथेच संपणार. इथे खोली आयती तापलेली. फुकट ते पौष्टिक, म्हटलं. कांदे तळघरात नेले, पलंग झाडला, आणि संध्याकाळच्या आत सुनेला तिथे हलवलं. शिवाय दुसऱ्या सकाळी चुलीत एक लाकूडही टाकलं. दुसऱ्याने राखलेला विस्तव आपल्या हलगर्जीपणाने विझू द्यायचा नाही, हे आमच्या हाडात भिनलेलं असतं.

लोइसला तिथे फार बरं वाटलं. गालांवर रंग आला. पोटातलं बाळ असं लाथा मारायचं की तिच्या मांडीवरची नकाशे काढायची फळी हलायची. मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

४

थिर्झा बेकविथ उताराखालच्या घरात एकटी राहते. आम्ही एका शाळेत होतो. मुलखातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्माला आलीत, आणि तिच्या जिभेला धार आहे. ती मेपलच्या पाकाची बरणी घेऊन लोइसला बघायला आली आणि बाळंतखोलीत डोकावली. मग मला खुणेने स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली.

"पोरीला इथून हलव, एनॉस."

मी म्हटलं, कुठे हलवू, छपरावर? पण ती हसली नाही. तिने मरायाच्या शेवटच्या दिवसाचा विषय काढला. आमच्याकडे रीत आहे. बाळंतखोलीतलं माणूस गेलं की चूल विझू द्यायची, राख काढून विटा स्वच्छ झाडायच्या, आणि पुरून झाल्यावर शेजारून नवा विस्तव आणायचा. मराया गेली तेव्हा चूल झाडलेली होती. थिर्झाने मला विचारलं की ती मीच झाडली होती ना.

"मी नाही," मी म्हटलं. "तू झाडलीस. एवढी वर्षं मी मनातल्या मनात तुझे आभार मानतोय."

"मी दिवसभर तिच्या उशाशी होते. पाणी आणायला उठले तेव्हा चूल झाडलेली दिसली. मला राग आला होता तुझा, एनॉस. कारण मराया तेव्हा जिवंत होती. माझ्याशी बोलत होती."

आम्ही दोघंही चुलीकडे पाहत राहिलो. राखेचा ढीग नीट थोपटलेला होता. थिर्झा म्हणाली की माझी आई गेली त्या दिवशीचंही तिच्या आईने असंच काहीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, म्हाताऱ्या बायकांना सगळं मागाहून आठवतं. ती चिडून निघून गेली, आणि बरणी मात्र ठेवून गेली.

सून तिथे सुखात होती. बाळ लाथा मारत होतं. राख तर जागच्या जागी होती, आणि राख जागच्या जागी आहे तोवर घाबरायचं कशाला, अशी मी स्वतःची समजूत घातली. मात्र त्या दिवसापासून सकाळी कॉफीच्या आधी मी चूल बघायला लागलो.

५

वेळ जावा म्हणून लोइस घराचा नकाशा काढत होती. जुने सुतार खांब आणि तुळया आधी जमिनीवर जुळवत, प्रत्येक सांध्यावर रेघा कोरत, एक, दोन, तीन, म्हणजे उभं करताना चूक होत नसे. मी धाप लागेपर्यंत घरभर हिंडून या रेघा वाचायच्या आणि तिने पलंगावर बसून टिपून घ्यायच्या, असं आमचं चाललं होतं.

एका दुपारी तिने मला हाक मारली. तिच्या उशाजवळच्या खांबावरचा चुना तिने नखाने खरवडला होता.

"बाबा, पहिला खांब पुढच्या दालनात नाहीये. तो इथे आहे. एक, दोन, तीन, चार, या खोलीचे चार कोपरे. बाकीचं घर पाचपासून सुरू होतं."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे आधी ही खोली होती. धुराडं हिला नंतर टेकवलं. घर त्याच्याही नंतर." तिने पेन्सिल कानामागे खोचली. "आणि खिडकी मागाहून पाडलीय. दारसुद्धा. चौकटीचं लाकूडच वेगळं आहे."

मी विचारलं की मग माणसं आत कुठून जायची. ती म्हणाली की तेच तिला कळत नाहीये, तुमचे पूर्वज विक्षिप्त होते एवढं लिहून ठेवते. ती हसत होती. मला त्या भिंतींकडे बघवेना, म्हणून मी लाकडं आणायचं निमित्त करून बाहेर पडलो.

फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. आभाळ काळवंडलं तसा वॉरन गाडी घेऊन गेला. मी घोडीला घसरगाडी जुंपून थिर्झाला आणायला गेलो. ती पिशवी भरून तयारच बसली होती, रागाचा विषय कोणी काढला नाही. बर्फ इतकं पडलं की कुंपणं दिसेनात, टेलिफोनची तार तुटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोइसला कळा सुरू झाल्या, वेळेच्या बऱ्याच आधी.

त्या दिवसाचं मी काय सांगू? मी पाणी तापवत होतो आणि देवाचं नाव घेत होतो, जे मी बायको गेल्यापासून घेतलं नव्हतं. तिसऱ्या प्रहरी पोर रडली. मुलगी. सशाएवढी, पण पुरी. थिर्झाने ती माझ्या हातात दिली आणि मी म्हातारा माणूस उभ्याउभ्या रडलो. बाहेर घर हलवणारा वारा होता आणि खोलीत उन्हाळा. मी त्या कोमट भिंतीवर हात ठेवून चक्क आभार मानले.

६

सकाळी वारा पडला होता. मी स्वयंपाकघरात आलो आणि चूल झाडलेली होती.

राख नव्हती, निखारा नव्हता. विटा धुतल्यासारख्या स्वच्छ, त्यांवर कुंच्याच्या ओळी, एकीला लागून एक. मी तिथेच उभा राहिलो. थिर्झा बाळंतखोलीतून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे.

"मी नाही," ती म्हणाली.

आम्ही आत गेलो. दोघी जिवंत होत्या. लोइस अर्धवट झोपेत होती आणि पोर तिच्या कुशीत. खोली इतकी तापलेली की माझ्या कपाळावर घाम आला, आणि पोरीचे पाय मात्र गार होते. थिर्झाने ते चोळले. पोर रडेना, डोळे उघडेना, नुसती पडून राहिली. लोइसने विचारलं, काय झालं. थिर्झा म्हणाली, काही नाही. मग लोइस माझ्याकडे वळली.

"बाबा, तुम्ही खोटं बोलू नका. ही पण जाणार का?"

मी म्हटलं, नाही. म्हटलं, आपण थिर्झाच्या घरी जातोय, आत्ता. काल बाळंत झालेल्या बाईला बर्फातून बाहेर काढायचं म्हणजे वेडेपणा होता, आणि थिर्झा एका शब्दाने आडवी आली नाही. घसरगाडीत पेंढा भरला, घोंगड्या टाकल्या, लोइसला मी उचलून नेऊन ठेवलं. थिर्झाने पोर स्वतःच्या अंगरख्यात घेतली आणि उंबरा ओलांडला. बाहेरच्या थंडीत येताक्षणी पोर रडायला लागली, अशी जोरात की घोडीने कान टवकारले. तिचे पाय गरम झाले होते.

एक घोंगडी राहिली म्हणून मी आत गेलो.

पलंगापाशी कोणीतरी वाकलेलं होतं. मला पाठच दिसली, करड्या जाड लोकरीची, आणि दोन हात, चादर सपाट करणारे. घाई नव्हती त्या हातांना. चादरीच्या कडा गादीखाली सारत होते, उशी थोपटत होते. बाहेर पोर रडत होती. हात थांबले. ती पाठ सरळ व्हायला लागली, होत होत तुळईपर्यंत पोचली, तिथे खांदे वाकले, तरी ती अजून उभी राहतच होती. मग ती दाराकडे वळू लागली. दारात मी होतो, आणि माझ्यामागे अंगणात त्या तिघी.

मी विचार केला असं मला म्हणता येणार नाही. मी त्या पाठीला वळसा घालून गेलो, बुटांसकट पलंगावर आडवा झालो आणि डोळे मिटून घेतले.

"मी इथलाच आहे," मी म्हटलं. "याच पलंगावर जन्मलोय. मला घे."

बराच वेळ काही झालं नाही. मग चादर माझ्या खांद्यांभोवती खोचली जाऊ लागली, हळूहळू. मला भीती वाटत होती, पण सुटल्यासारखंही वाटलं. मी थिर्झाला ओरडून सांगितलं की निघ, मी मागून येतो. घसरगाडीच्या घंटा उतारावरून दूर जात गेल्या. तेव्हा ते हात माझ्यावरून सरकले आणि माझ्या शेजारी आले. तिथे त्यांनी पोरीएवढी हातभर जागा सपाट केली, तिच्याभोवती कडा खोचल्या, आणि मधोमध दोनदा थोपटलं.

मी कुशीवर वळलो आणि त्या जागेवर निजलो.

७

आता सफरचंदांना मोहर आलाय, असं वॉरन दारातून सांगतो. गाई त्याने खाली थिर्झाकडे नेल्या. लोइस हिंडतीफिरती झाली, पोरीने बाळसं धरलंय. मी उठतो, चार घास खातो, लाकूड टाकतो आणि परत येऊन त्याच जागेवर निजतो. फार वेळ उठून राहिलो की चादर पुन्हा सपाट झालेली असते, माझ्या बाजूची नाही, पोरीसाठी राखलेल्या त्या हातभर जागेची. डॉक्टर येऊन गेला. बाहेर वॉरनशी हलक्या आवाजात बोलला. माझा मुलगा मला वेडा समजतो, आणि मी त्याला तसं समजू देतो, कारण वेड्या बापाने सांगितलं म्हणून का होईना, तो पोरीला उंबऱ्याच्या आत आणत नाही.

काल दुपारी मात्र लोइस स्वतः आली. ती दाराशी आली नाही, बाहेरून खिडकीशी उभी राहिली. मी पाठमोरा होतो, पण तिची सावली भिंतीवर पडली आणि तिच्या हातातल्या पोरीचीही.

"बाबा," ती काचेपलीकडून म्हणाली, "नाव तुमच्या आईचं ठेवलंय. हसायला लागलीय आता. एकदा बघा तरी. एवढं केलंत तिच्यासाठी, आणि तिचं तोंडसुद्धा बघणार नाही?"

पोरीचा हात काचेला लागत होता आणि ती हुंकार देत होती, त्या वयाची मुलं देतात तसे. मला तिला पाहायचं होतं. आयुष्यात दुसरं काही मला इतकं हवंसं वाटलं नसेल. पण माझ्या पाठीमागे, मी आणि खिडकी यांच्यामध्ये, गादी हळूच खचली, कोणीतरी कोपरावर उठून बसत असल्यासारखी.

"ने तिला इथून," मी म्हटलं. "मला पोरं आवडत नाहीत."

मग सावल्या भिंतीवरून उतरल्या, आणि गादी पुन्हा सपाट होईपर्यंत मी हललो नाही.